सिसिलीतील चार दिवस
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



प्रवासात पाहिलेले चार शब्दांत सांगावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. ती शिरोधार्य मानून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले व थोडेबहुत वाचले, तेवढेच निवेदन करणार आहोत.

गतवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही उभयतांनी भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर चार दिवस घालविले. हे बेट आज इटलीत मोडते, परंतु इ. स. पूर्व आठव्या शतकापासून तेथे ग्रीकांनी नगरे वसविली आणि पुढे रोमनांनी ती जिंकली. त्यामुळे ग्रीक देवालये व रोमन वास्तू दोन्ही एकाच प्रवासात दृष्टीस पडतात.

पहिला दिवस अग्रिजेंतोचा. बदामाची झाडे फुलली होती आणि टेकाडाच्या कडेने पिवळसर दगडाची देवालये ओळीने उभी होती. त्यांतील कॉन्कॉर्डियाचे म्हणून ओळखले जाणारे देवालय इ. स. पूर्व पाचव्या शतकातले. त्याचे चौतीसही खांब उभे आहेत. जवळच झ्यूस देवाचे त्याहून कितीतरी प्रचंड मंदिर होते. त्याचा भार पेलणाऱ्या दगडी पुरुषांपैकी एक, सुमारे साडेसात मीटर उंचीचा, तेथील संग्रहालयात आहे. मंदिराच्या जागी मात्र आता दगडांचा ढीग उरला आहे. असे का व्हावे? लहान देवालयाचे सहाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले, म्हणून त्याची निगा राहिली. मोठे मंदिर भूकंपांनी ढासळले, आणि अठराव्या शतकात त्याचे चिरे बंदराच्या धक्क्यासाठी वाहून नेले गेले.

दुसऱ्या दिवशी पियात्सा आर्मेरिना गावाजवळील चौथ्या शतकातला रोमन वाडा पाहिला. त्याच्या जमिनीवर रंगीत दगडांचे बारीक तुकडे जोडून केलेली चित्रे आहेत. ती सुमारे साडेतीन हजार चौरस मीटर भरतात. एका लांबच लांब सोप्यात वन्य पशू पकडून गलबतांवर चढविण्याचा देखावा आहे. त्याच्या एका टोकाला हस्तिदंत धरून बसलेली स्त्री असून तिच्या दोहो बाजूंस हत्ती व वाघ आहेत. ही मूर्ती हिंदुस्थानची, असे पुष्कळ विद्वान मानतात. "चला, माहेरचे कोणी तरी भेटले!" असे आमच्या सौभाग्यवतींनी म्हटले, ते आम्हांस पटले. बाराव्या शतकात दरड कोसळून हा वाडा चिखलाखाली गेला, आणि त्या आवरणानेच चित्रे राखली.

उरलेले दोन दिवस सिराक्यूजमध्ये गेले. तेथील मुख्य चर्चमध्ये शिरताच भिंतीत अर्धे बुजलेले जाडजूड खांब दिसतात. ते अथीना देवीच्या मंदिराचे. इ. स. पूर्व ४८० मध्ये कार्थेजवर विजय मिळाल्यानंतर ते बांधले गेले. पुढे खांबांमधील जागा चिणून तेथे चर्च उभारले. गावाबाहेर दगडाच्या खोल खाणी आहेत. इ. स. पूर्व ४१३ मध्ये अथेन्सच्या पराभूत सैन्यातील सात हजारांवर कैदी अशा खाणींत कोंडले होते, असे थ्युसिडिडीज लिहितो. आज तेथे लिंबा-संत्र्यांच्या बागा आहेत. तरी ऊन डोक्यावर आल्यावर खाली उभे राहवेना. युरिपिडीजची पदे मुखोद्गत होती म्हणून काही अथेन्सवासीयांची सुटका झाली, असे प्लुटार्क सांगतो. जवळच्या ग्रीक रंगमंडलाच्या पायऱ्यांवर बसून ही कथा आठवली, तेव्हा पाठांतराचा असाही उपयोग होतो हे जाणवले!

परंतु मनाला लागून राहिली ती गोष्ट निराळीच. आर्किमिडीज हा याच नगरीचा पुत्र. इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमनांनी शहर घेतले, तेव्हा तो मारला गेला. पुढे १३७ वर्षांनी सिसेरो हा रोमन अधिकारी तेथे आला आणि त्याने समाधीची चौकशी केली. अशी समाधी येथे नाहीच, असे नगरवासी म्हणाले. सिसेरोने काटेरी झुडपांत शोध घेतला, तो एका लहानशा स्तंभावर गोल व वृत्तचिती कोरलेली दिसली. कोयते आणवून त्याने जागा मोकळी केली. शिलालेखाच्या ओळी अर्ध्या झिजल्या होत्या. घरच्यांनी विसरलेला माणूस जेत्यांच्या माणसाने शोधून काढला! आज ती समाधी पुन्हा नाहीशी झाली आहे. तिच्या नावाने दाखवितात ते दुसऱ्याच काळचे रोमन दफनस्थान आहे.

बंधुभगिनींनो, सिराक्यूजवासीयांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या पणजोबांच्या हातच्या मोडी कागदांची एक पेटी माळ्यावर होती. घर नव्याने बांधताना आम्हीच ती न उघडता रद्दीत घातली. तीत काय होते, हे आता सांगणारे कोणी नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी पेटी शिल्लक असेल, त्यांनी ती मंडळाच्या कचेरीत आणून दाखवावी, एवढीच प्रार्थना आहे. मोडी वाचणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यांत आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.