तापीकाठचे ऋतुमान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी मला व्याकरण शिकविले. परंतु त्याआधी सुरतेचे हवामान शिकविले. 1968 च्या जूनमध्ये भुसावळहून येऊन मी या शाळेत दाखल झालो. ऑगस्टमध्ये मुले 'रेल आवी, रेल आवी' असे ओरडत धावू लागली, तेव्हा मी भाबडेपणाने स्टेशनची वाट धरली. सुरतेत रेल म्हणजे पूर, हे गुरुजींनी मला हाताला धरून जिना चढविताना सांगितले. अर्थविचाराचा तो माझा पहिला धडा. 'खाडी' या शब्दाचेही तसेच. आपल्या कोकणात खाडी म्हणजे आत शिरलेला समुद्र. लिंबायतच्या मराठी माणसाला ती पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या ओहोळाची आठवण देते.

येथील हिवाळा सौम्य, पोंक खाण्याचा. पोंक म्हणजे आपला हुरडाच, शेवेच्या संगतीने थोडा शहरी झालेला. उन्हाळ्याविषयी घामाखेरीज सांगण्याजोगे फारसे नाही. खरा ऋतू पावसाळा. आणि गंमत अशी की, सुरतेच्या महापुराला सुरतेत पाऊस पडावाच लागतो असे नाही. मुलताईला उगम पावून तापी 724 किलोमीटर वाहत येते. बऱ्हाणपूर, भुसावळ या वाटेवर जे पडते, ते हतनूर व उकाई ओलांडून आपल्या दारी येते. उधना-लिंबायतच्या खानदेशी कुटुंबांची हीच विचित्र स्थिती आहे: गावाकडे ज्या पावसासाठी नवस बोलायचा, त्याच पावसाची इकडे धास्ती घ्यायची.

उकाई धरण 1972 साली पूर्ण झाले. त्यानंतर गुरुजी ऑगस्टभर फळ्याच्या कोपऱ्यात धरणाची पातळी फुटांत लिहीत. 345 ही पूर्ण पातळी. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी तो आकडा वहीत उतरविला असेल.

ऑगस्ट 2006 च्या आरंभी माझ्या वडीलबंधूंचा भुसावळहून फोन आला. विहिरी भरल्या, यंदा पीक हाती लागणार, असे ते हर्षाने सांगत होते. मीही अभिनंदन केले. पुढे उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले. नारळी पौर्णिमा तोंडावर असल्याने समुद्राला उधाणाची भरती. नदीला उतरावयास वाट मिळेना. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

पाणी ओसरल्यावर मी चिखल तुडवीत गुरुजींच्या घरी पोहोचलो. तळमजल्यावरचे कपाट फुगून उघडत नव्हते. तीस-बत्तीस वर्षांच्या पर्जन्यनोंदींच्या वह्या त्यातच होत्या. मी कपाटाकडे पाहत उभा राहिलो. गुरुजींनी मात्र विचारले,

"तुझ्या दादाकडे पाऊस थांबला का रे?"