एका मुखपृष्ठावरील दोन नावे



लश्करातील मराठी वाचकाच्या घरी राजकवी भा. रा. तांबे यांच्या कवितेला मानाचे कपाट. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला आणि काळापहाडला मात्र उशीखालची जागा! वास्तविक कोणत्याही ग्रंथालयात पाने झिजतात ती या उशीखालच्या पुस्तकांचीच. तरीही रहस्यकथा म्हणजे चोरून वाचावयाची वस्तू, हा समज काही सुटत नाही. तो तपासून पाहण्यास इंग्लंडमधील एका विद्वान दांपत्याचे उदाहरण उपयोगी पडेल.

जी. डी. एच. कोल (१८८९–१९५९) हे कामगार चळवळीचे थोर भाष्यकार. पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. पत्नी मार्गारेट (१८९३–१९८०) या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या विद्यार्थिनी. सक्तीची सैन्यभरती नाकारल्याबद्दल १९१६ मध्ये त्यांच्या बंधूंना तुरुंगवास घडला आणि मार्गारेटबाई चळवळीत ओढल्या गेल्या. १९१८ मध्ये उभयतांचा विवाह झाला.

‘द ब्रुकलिन मर्डर्स’ (१९२३) ही गुप्तपोलिसी कादंबरी कोल यांनी एकट्याने लिहिली. १९२५ च्या ‘द डेथ ऑफ अ मिलियनेअर’पासून मात्र मुखपृष्ठावर पतिपत्नींची जोडनावे झळकू लागली, आणि अशी पंचवीसहून अधिक पुस्तके निघाली. सुपरिंटेंडेंट विल्सन हा त्यांचा शांत, चिकाटीचा शोधक. १९३० मध्ये लंडनला ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला, तेव्हा अगाथा ख्रिस्ती व डोरोथी सेयर्स यांच्या पंक्तीला हे दांपत्यही होते. समाजवादावर ग्रंथ लिहिणाऱ्या या लेखणीला खुनाचा छडा लावण्यात कमीपणा वाटला नाही.

यातील बहुतेक पुस्तके मुख्यतः दोघांपैकी एकानेच लिहिलेली असत. नावे मात्र दोघांची. गुन्हा कोणी केला हे शेवटच्या पानावर उमगते. पण कोणते पुस्तक कोणाच्या हातचे, हे मुखपृष्ठ सांगत नाही. यात पत्नीचे श्रम झाकले गेले की पतीच्या बरोबरीने मान पावले? दोन्ही घडले, असेच म्हणावे लागते. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांना सासरची थट्टा सोसत वाचावयास शिकावे लागले होते, हे स्मरले म्हणजे मुखपृष्ठावरील त्या दुसऱ्या नावाचे मोल कळते.

म्हणून ग्रंथालयाने दोन गोष्टी कराव्यात. रहस्यकथा उजळ माथ्याने दर्शनी कपाटात ठेवाव्यात. आणि जेथे लेखक दोन, तेथे नोंदवहीत नावेही दोन लिहावीत. दुसरे नाव गाळणे हाही एक गुन्हाच, आणि त्याचा छडा सहसा कोणी लावीत नाही.