समुद्राचे शेवाळ आणि आमची म्हैस



आम्ही यंत्रमागाची माणसे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारे आमचे काही सोबती घरी एखादी पंढरपुरी म्हैस बाळगून असतात. पगार अडला की तिचे दूधच घर चालवते. म्हणून कोणी समुद्री शेवाळाची भुकटी विकू लागला, की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : हिच्यात आहे काय?

शेवाळात खनिजे असतात, विशेषतः आयोडीन. स्कॉटलंडच्या उत्तरेस नॉर्थ रोनाल्डसे बेटावरील मेंढ्या तर मुख्यतः शेवाळावरच जगतात; त्यांना शेतांपासून दूर ठेवण्यासाठी १८३२ साली बेटाभोवती दगडी भिंत घातली गेली. दुसरे असे, की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन वायू बनतो आणि चाऱ्यातील काही शक्ती त्याच्याबरोबर वाया जाते. अस्पॅरागॉप्सिस नावाच्या लाल शेवाळातील ब्रोमोफॉर्म हे द्रव्य ही क्रिया रोखते. पण प्रत्येक शेवाळ अस्पॅरागॉप्सिस नव्हे. शिवाय आयोडीन अति झाले तर ते दुधात उतरते, आणि ते दूध आपलीच पोरे पितात.

मजुराला अर्धपोटी राबवून वर टॉनिक पाजले, तर तो धष्टपुष्ट होईल काय? म्हशीचेही तेच. आधी कडबा, हिरवा चारा, पेंड आणि स्वच्छ पाणी, मग भुकटी. पोत्यावर शेवाळाची जात, आयोडीनचे प्रमाण आणि मात्रा छापलेली मागा, पशुवैद्याला विचारा. हिशेब मागायला आम्ही मागाजवळ शिकलो. तो गोठ्यातही मागितला पाहिजे.