शारदाला कोणी विचारलंच नाही का?

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



बँकेत ३६ वर्षं आकडेमोड करणारा माणूस नाटकावर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. पण आपण नारायणगावात राहतो. पाडव्याच्या सुमारास इथं तमाशाच्या राहुट्या लागतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. माझ्या लहानपणी आमच्या घरच्या बायका तमाशाला जात नसत. वडील रात्री वग बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून आईला सगळी गोष्ट सांगायचे. नाटकाची गोष्ट करणं मी तिथंच शिकलो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या हॉलमध्ये मुलांना गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' वाचून दाखवायला घेतलं. नाटक १८९९ चं. जुनी भाषा, मध्येच पदं. दुसऱ्या पानावरच चुळबूळ सुरू झाली. मग मी सोप्या गद्यात दहा-बारा पानांची गोष्ट लिहिली. लग्नाला आतुर म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी त्याला मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आणि आडवा येणारा तरुण कोदंड. मुलं जागची हलली नाहीत.

शेवटी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, शारदाला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही का?"

मी गप्प झालो. रात्री मूळ पुस्तक पुन्हा काढलं. शारदा मनातली भीती पदांतून सांगते, आणि गोष्ट आटोपशीर व्हावी म्हणून मी पदंच गाळली होती! बापानं तिला विचारलं नाही आणि मी तिचं तोंड बंद केलं. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ चा. त्यानंतरही माझ्या थोरल्या आत्याला लहानपणीच बिजवराला दिलं. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पदांचा अर्थ शारदेच्या तोंडी साध्या वाक्यांत घालून गोष्ट परत वाचली. मागं बसलेल्या एका आजींनी पद गुणगुणायला सुरुवात केली. मुलांनी लगेच मोबाईलवर ते शोधून ऐकलं.

तेव्हा मंडळी, जुनी नाटकं सोपी जरूर करावीत, पण कोणाचं बोलणं गाळतोय ते बघून. मूळ नाटक आणि माझी वही, दोन्ही ऑफिसच्या कपाटात ठेवली आहेत. घरी न्या, मुलांना वाचून दाखवा, आणि आठवणीनं परत आणून ठेवा!