मुलाचे नाव काढण्यापूर्वी



आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही, बँकेत कारकुनी करणारी माणसे आहोत. तरीही मंडळाने चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल आभारी आहोत. पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत एक गोष्ट वारंवार कानावर येते, पण तिच्यावर सभेत कोणी बोलत नाही. दिव्यांग मुलाचे नाव विशेष शाळेत घातले जाते, आणि वर्ष-दोन वर्षांत आईवडीलच त्याला काढून घेतात.

आईवडिलांना दोष देणे सोपे आहे. त्यांची कारणे ऐकणे अवघड. तारापूर एम.आय.डी.सी.त कंत्राटावर, पाळीने काम करणाऱ्या बापाला मुलाला शाळेत पोचवायचे तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आई सोबत गेली तर धाकट्या लेकरांना कोणी पाहायचे? 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते हे खरे. पण उमरोळीला किंवा बोईसरला गर्दीच्या डब्यात चालता न येणारे मूल घेऊन चढून पाहावे म्हणजे कळते. त्यात शेजारी म्हणतात, "दोन वर्षे झाली, अजून वाचता येत नाही, मग उपयोग काय?" नातेवाईक म्हणतात, "बहिणीचे लग्न अडेल." कोणी म्हणते, मागच्या जन्मीचे भोग. हे शेवटचे कारण तरी आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

परंतु बंधूंनो, काढणे आणि काढणे यात फरक आहे. विशेष शाळेतून काढून जवळच्या साध्या शाळेत घालणे हा पालकांचा हक्क आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. मूल फारच अशक्त असेल तर घरीही शिकता येते. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना तो पर्याय दिला आहे. मात्र घरी शिकणे वेगळे आणि घरी बसणे वेगळे. नाव काढून मूल नुसते खाटेवर बसले, तर त्याला निवड म्हणता येणार नाही.

याचा हिशेब पुढे लागतो. मुलगा 18 वर्षांचा झाला की त्याच्या खात्यावर केवळ आईबापाची सही चालत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल आणि पालकत्वाची गरज असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून तसे प्रमाणपत्र आणावे लागते. त्या दिवशी बँकेच्या खिडकीसमोर आलेला तरुण आपले नाव सांगतो, शंभराची आणि पाचशेची नोट ओळखतो, की आईच्या पदराआड उभा राहतो, हे बऱ्याच अंशी मधल्या वर्षांवर ठरते. म्हणून प्रगती केवळ वाचण्याने मोजू नये. शर्टाचे बटण लावणे, तहान लागली हे सांगणे, एकट्याने दुकानात जाऊन येणे, हेही शिक्षणच आहे.

आपल्याच जिल्ह्यात याला मोठा दाखला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. आदिवासी मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणावर गेली, तीच कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर आधी त्याची वाट तपासावी, हा धडा कोसबाडने दिला.

तेव्हा आमची पालकांना विनंती आहे. नाव काढण्यापूर्वी मुख्याध्यापकांना आणि विशेष शिक्षकांना भेटून अडचण स्पष्ट सांगा. मूल सरकारी शाळेत असेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ता यांसाठी लेखी अर्ज करा. समग्र शिक्षा योजनेत तशी तरतूद आहे. अर्जाची पोच घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा. आणि पुढची शाळा पक्की झाल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊ नका.

मंडळालाही एक सूचना करावीशी वाटते. चार घरांची मिळून एक रिक्षा ठरवता येईल. निवृत्त सभासदांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आठवड्याचे वार वाटून घेऊन मुलांना ने-आण केली, तर एखाद्या बापाचा खाडा वाचेल आणि एका मुलाची शाळा टिकेल. सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या हातांपैकी दोन हात सकाळी त्या मुलाला रिक्षात बसवायला आले, तर आजचे बोलणे कामी आले असे आम्ही समजू.