पहिली चढाई कोणाची?

आजचा भाग कबड्डीवर आहे. एरवी मी इथे सॉफ्टवेअरबद्दल बडबडतो, पण सध्या पूर्णगडला घरून काम चालू आहे आणि संध्याकाळी सहानंतर गावात एकच विषय निघतो: आपल्या संघाचा मुख्य चढाईपटू कोण? गेल्या तीन स्पर्धांत आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो. पुढच्या स्पर्धेसाठी सात जणांची नावं रविवारी ठरणार आहेत.

दावेदार दोन. एक दादा आहे, वय छत्तीस, होडीवर जातो, गेली बारा वर्षं पहिली चढाई त्याचीच. दुसरा एकोणीस वर्षांचा पोरगा, रत्नागिरीला कॉलेजला जातो. सध्या काय होतं? दादाने सुरू करायचं, तो बाद झाला की पोराला पाठवायचं, पोरगा एकदा पकडला गेला की बाकीच्यांनी दादाकडे बघायचं. म्हणजे दोघांपैकी कोणालाच माहीत नसतं की पुढची चढाई आपली आहे की नाही.

यावर मला पुणेरी पलटणचा प्रो कबड्डीतला आठवा हंगाम आठवतो. डिसेंबर २०२१, करोनाचे दिवस. सगळे सामने बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांशिवाय. पलटणकडे नावं मोठी होती. नितीन तोमर कर्णधार, आणि राहुल चौधरी, ज्याने या लीगमध्ये चढाईचे ५०० गुण सगळ्यात आधी गाठले. प्रशिक्षक अनुप कुमार, स्वतः भारताचा माजी कर्णधार. एवढं असून पहिल्या पाच-सहा सामन्यांत हार जास्त, जीत कमी. मोठ्या नावांच्या चढाया लागत नव्हत्या.

आणि बाकावर दोन नवी पोरं होती. एक अस्लम इनामदार, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. दुसरा मोहित गोयत, हरियाणाचा. हळूहळू चढाया या दोघांकडे गेल्या आणि राहुल चौधरीसारखा माणूस बाकावर बसू लागला. लोक म्हणतात अनुपने धाडस केलं. केलंच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं: पकडलं गेल्यावरही पोरांना परत पाठवलं जात होतं. त्या हंगामात पलटण सहावी आली, म्हणजे बाद फेरीची शेवटची जागा, आणि तिथे यूपी योद्धाकडून हरली. विजेतेपद नाही मिळालं, पण चढाईचा प्रश्न सुटला होता.

परत पाठवणं एवढं का महत्त्वाचं, ते खेळाच्या नियमातच आहे. चढाई तीस सेकंदांची. ज्याला वाटतं की एक चूक झाली तर आपण बाहेर, तो काय करतो? निदान रेषा ओलांडतो, कोपऱ्याकडे बघून हात फिरवतो आणि परत येतो. रिकामी चढाई. अशा दोन रिकाम्या झाल्या की प्रो कबड्डीच्या नियमाने तिसरी करो या मरो, गुण नाही आणला तर बाद. आता समोरच्यांना पक्कं ठाऊक की हा आत येणारच आहे. डावा कोपरा घोट्यासाठी टपून बसलेला. म्हणजे घाबरून खेळलेल्या दोन चढायांचं बिल तिसऱ्यावर फाटतं, आणि आमच्याकडे ती तिसरी नेमकी पोराच्या वाट्याला येते. मग सगळे म्हणतात, पोरगा अजून कच्चा आहे. मागच्या स्पर्धेची वही माझ्याकडे आहे. पोरगा सात वेळा आत गेला, त्यातल्या पाच तिसऱ्या चढाया होत्या. पाचांपैकी दोनदा गुण घेऊन आला. मला तरी हे कच्चं वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर दादा मला किल्ल्यावरून खाली ढकलेल. तरुणावर सगळा भार टाकणं हेही उत्तर नाही. डिसेंबर २०२२ ला पलटण मुंबईत अंतिम सामना खेळली, तेव्हा अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर. जयपूरने ३३-२९ ने हरवलं. पुढच्या हंगामात, १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून त्यांनी पहिलं विजेतेपद घेतलं. कर्णधार अस्लमच होता. पण त्या सामन्यात पलटणकडून सर्वाधिक गुण पंकज मोहितेचे, नऊ. आणि त्याच्या पुढच्या हंगामात अस्लम जायबंदी झाला, तर गतविजेते बाद फेरीतसुद्धा पोचले नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरवर सगळं चालवलं की तो पडला की साइट पडते.

म्हणून माझं मत: पहिली चढाई पोराची. सामना सुरू होण्याआधी त्याला सांगायचं की दोनदा बाद झालास तरी परत आत आलास की पुढची चढाई तुझीच. हे सगळ्यांसमोर सांगायचं, दादासमोर तर नक्कीच. आणि दादाला बाहेर बसवायचं नाही. बारा वर्षांत त्याने समोरचे चढाईपटू इतके वाचलेत की उजव्या कोपऱ्यावर तो आजही दोन-तीन गुण सहज काढेल. शिवाय पोरगा बाद झाला तर त्याला जिवंत करून आत आणायला पकडही कामी येते ना.

हे मी काल बंदराजवळ दादाला सांगितलं. तो जाळं आवरत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आणि लोण बसायची वेळ आली, मी एकटाच उरलो, तर चढाई कोण करणार?"

म्हटलं, "तूच की दादा, दुसरं कोण?"

"मग पहिली करू दे त्याला," म्हणाला, "पण आज संध्याकाळी त्याला माझ्या कोपऱ्यावर पाठव. माझ्या हातातून सुटला तर बघू."

आता पावणेसहा वाजलेत, मी मैदानावर निघालोय. निकाल पुढच्या भागात सांगतो.