महानगराची वाट आणि घरचा जमाखर्च

(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात विवाह, शिक्षण, वसतिगृह आणि व्यवसाय या विषयांची चर्चा आपण दरवर्षी करीत आलो आहोत. आज आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे, तो या चारही विषयांच्या मुळाशी आहे. तथापि सभेत त्याचा उच्चार क्वचितच होतो. तो होतो घराच्या ओसरीवर, रात्रीच्या जेवणानंतर, हलक्या आवाजात. भंडारा सोडून नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी काय, आणि गाठल्यास तेथील खर्च आपल्या मिळकतीत बसेल काय, हा तो विषय होय. आज या मंडपात बसलेल्या कुटुंबांपैकी अनेकांपुढे हा प्रश्न उभा आहे, आणि ज्यांच्यापुढे तो नाही त्यांच्या मुलामुलींपुढे तो उद्या उभा राहणारच आहे.

आपल्या विणकर समाजास हा प्रश्न नवा नाही. मोहाडी, आंधळगाव, पवनी येथील माग आणि कोशाचे कापड ही आपली जुनी ओळख. त्या मागावर घरचा पुरुष बसे, घरची स्त्री कांड्या भरी, म्हातारी माणसे सूत उकलीत. राहण्याची जागा आणि कामाची जागा एकच असे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि कालांतराने आपल्यातील अनेकांनी घरचा माग सोडून गिरणीचा भोंगा ऐकण्याचे पत्करले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा जिल्ह्यासह विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि सचिवालयातील कित्येक मराठी कारकुनांस बिऱ्हाड उचलून मुंबईस जावे लागले. त्यांच्या पगाराचा आकडा कागदावर कमी झाला नव्हता. मात्र त्या आकड्यात काय येते आणि काय येत नाही, याचा धडा त्या कुटुंबांस पहिल्याच महिन्यात मिळाला असेल, हे सांगावयास नको.

हा धडा बिऱ्हाड हलविण्यापूर्वीच कसा शिकावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. महानगरास जाऊच नये, असा उपदेश करण्यास आम्ही उभे नाही. आणि जो गेला तोच तरला, असेही आम्ही म्हणणार नाही. दुरून डोंगर साजरे दिसतात, हे जितके खरे, तितकेच घरकोंबड्यास जग दिसत नाही हेही खरे. म्हणून दोन्ही बाजू तराजूत घालून पाहाव्यात, हे बरे.

प्रथम मिळकतीचा विचार करू. आपल्याकडे मिळकत म्हटली की पगार एवढाच अर्थ घेतला जातो. परंतु ज्याचे स्वतःचे घर आहे, त्यास घरभाडे द्यावे लागत नाही. ही त्याची न दिसणारी मिळकत आहे. ज्याची दोन एकर बांधी आहे, त्याच्या घरी वर्षाचा तांदूळ येतो. बांधावरची लाखोळी, परसातले वाल आणि भोपळे, मामाकडून आलेले जवसाचे तेल, सुगीच्या दिवसांत शेजाऱ्याने पाठविलेली भाजी, यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. लहान मूल आजीजवळ ठेवून सून बाहेर पडते, त्याचे मोल कोणी मोजीत नाही. गाव सोडल्याबरोबर या सर्व वस्तूंवर किंमतीची चिठ्ठी लागते. महानगरात पाण्यापासून पाळण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट पैशाच्या पिशवीतून जाते, आणि म्हणून तेथला मोठा पगार दिसतो तितका मोठा नसतो.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये एक सिद्धान्त मांडला की, कुटुंबाची मिळकत जसजशी वाढते, तसतसा खर्चातील अन्नाचा वाटा कमी होत जातो. आपल्या देशाच्या पाहणीतही त्याचे प्रत्यंतर येते. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागात दरमहा दरडोई सरासरी खर्च ३,७७३ रुपये आढळला आणि शहरी भागात ६,४५९ रुपये. त्यात अन्नाचा वाटा ग्रामीण भागात शेकडा ४६ च्या आसपास, तर शहरात शेकडा ३९ च्या आसपास होता. हे आकडे ऐकून कोणी म्हणेल की, शहरातला मनुष्य सुखी आहे, कारण अन्नावाचून इतर गोष्टींस त्याच्याजवळ अधिक पैसा उरतो. परंतु त्या उरलेल्या पैशापैकी किती त्याच्या इच्छेने जातो आणि किती भाडे, प्रवास व शाळा यांच्या सक्तीने जातो, हे सरासरीवरून कळत नाही. ते ज्याचे त्यानेच आपल्या वहीत पाहावे लागते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा, भंडाऱ्यास स्वतःच्या घरात राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाची मिळकत दरमहा २२,००० रुपये आहे, आणि पुण्यास ३५,००० रुपयांची नोकरी सांगून आली आहे. वाढ १३,००० रुपयांची. आता दुसऱ्या बाजूस लिहू: घरभाडे ११,०००; कामावर जाण्यायेण्याचा खर्च १,५००; घरचा तांदूळ, भाजी व दूध यांच्याऐवजी विकत घेण्याचा जादा खर्च २,५००; दिवाळी आणि लग्नसराईस गावी येण्याजाण्याचे वर्षाचे १२,००० धरले तर महिन्याचे १,०००. बेरीज १६,००० रुपये. म्हणजे १३,००० च्या वाढीतून हा गृहस्थ महिन्यास ३,००० रुपयांनी मागे आला, आणि घरमालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम वेगळीच. हाच मनुष्य ४५,००० रुपयांवर गेला असता, किंवा त्याच्या पत्नीस तेथे १०,००० रुपयांचे काम मिळाले असते, तर तो महिन्यास ७,००० रुपयांनी पुढे गेला असता. तात्पर्य, जाणे चांगले की वाईट हे शहराच्या नावावरून ठरत नाही. ते या दोन स्तंभांच्या वजाबाकीवरून ठरते.

हा फरक आमच्या कल्पनेतला आहे, असे कोणास वाटल्यास सरकारचेच माप पाहावे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग ठेवले: बृहन्मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, नागपूर दुसऱ्यात, आणि भंडाऱ्यासारखी गावे तिसऱ्यात. जुलै २०१७ पासून मूळ वेतनाच्या शेकडा २४, १६ व ८ असे दर लागू झाले, आणि जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाल्यावर ते ३०, २० व १० झाले. म्हणजे ३०,००० रुपये मूळ वेतन असलेल्या नोकरास भंडाऱ्यास ३,०००, नागपुरास ६,००० आणि मुंबईपुण्यास ९,००० रुपये. खाजगी नोकरीत असा भत्ता वेगळा मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून पगार ठरवितेवेळी हे माप मनात धरून बोलावे.

येथे आणखी एक सावधगिरीची सूचना. वर्तमानपत्रांत औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक छापून येतो. २०१६ हे वर्ष १०० धरून तो मोजण्याची पद्धत सप्टेंबर २०२० पासून सुरू झाली. नागपूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला की, नागपूर मुंबईहून महाग झाले, असा अर्थ काही मंडळी काढतात. हा अर्थ बरोबर नाही. प्रत्येक केंद्राचा आकडा त्या केंद्रातील भाव पूर्वीपेक्षा किती वाढले एवढेच सांगतो. एका शहराची दुसऱ्याशी तुलना तो करीत नाही. शहराशहरांची तुलना करावयाची तर तेथील घरभाडे, किराणा आणि शाळेचे शुल्क यांची प्रत्यक्ष चौकशीच करावी लागते.

भंडारा आणि पुणे यांच्यामध्ये नागपूर आहे, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य म्हणावे लागेल. अंतर सुमारे ६० किलोमीटर. पुष्कळ तरुण रोज जाऊन येऊन नोकरी करतात. घर सुटत नाही आणि शहराचा पगार मिळतो. परंतु यातही एक खर्च दडलेला आहे. दारातून दारापर्यंत जाण्यास दीड तास व येण्यास दीड तास धरला, तर पंचवीस दिवसांत ७५ तास प्रवासात जातात. या ७५ तासांत शिकवणी, जोडधंदा, मुलांचा अभ्यास किंवा नुसती झोप यांपैकी काय बसले असते, हे वहीत लिहावे. शिवाय जिल्ह्यातही काम अगदीच नाही असे नव्हे. वरठी येथील पोलाद कारखाना, जवाहरनगरची १९६४ पासूनची आयुध निर्माणी, गडेगावचा मोटार कारखाना, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, या ठिकाणी आधी चौकशी करून मग नऊशे किलोमीटरवरच्या मुंबईचे तिकीट काढावे.

आता राहणीमानाकडे वळू. मुंबईस १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील एकेक खोली १६० चौरस फुटांची होती, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. ज्याचे अंगण त्याहून मोठे, त्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. अशा जागेत वृद्ध मातापित्यांस नेले तर त्यांस बसावयास ओसरी नाही आणि बोलावयास शेजार नाही. न नेले तर येथे त्यांस औषध आणून देणारे कोणी नाही. हा खर्च रुपयांत मांडता येत नाही, म्हणून तो बहुधा मांडलाच जात नाही.

परंतु दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गावाच्या राहणीतील जी स्वस्ताई आपण गौरवितो, तिचा पुष्कळसा भार घरच्या स्त्रीच्या पाठीवर असतो. महानगरात तिच्या श्रमास दाम मिळतो. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते गिरणी कामगारांस जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचेच होते; जे काम घरी बिनमोल होते, त्याच कामावर त्यांनी संसार उभे केले. मुलीस हवे ते शिक्षण, आजाऱ्यास मोठे रुग्णालय आणि तरुणास आडनाव न विचारता मिळणारे काम, हेही महानगराचे देणे आहे. म्हणून जाण्याचा निर्णय पुरुषमंडळींनी ओसरीवर बसून एकट्याने करू नये. सुनेस आणि मुलीस विचारावे; तिच्या वहीतील हिशेब कदाचित निराळा निघेल.

आता सर्वांत कठीण प्रश्न: वडिलोपार्जित घर आणि बांधी विकून शहरात जागा घ्यावी काय? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. ज्यांचे गावी घर आणि थोडी शेती शिल्लक होती, ते गावी परतून तग धरू शकले. ज्यांनी दोर कापले होते, त्यांचे फार हाल झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हाही माणसे डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडेच चालत निघाली. या दोन प्रसंगांवरून आमचे मत असे बनले आहे की, निदान पहिली तीन वर्षे घर व जमीन विकू नये. मात्र नुसते कुलूप लावून जाणे म्हणजे राखणे नव्हे. कौले फेरली नाहीत तर दोन पावसाळ्यांत भिंती बसतात, आणि बांधी पडीत राहिली तर बांध फुटतात. घर नात्यातील कोणास राहावयास द्यावे, बांधी ठेक्याने द्यावी, आणि दोहोंचा करार भाऊबंदकी बाजूस ठेवून लेखी करावा.

जाणाऱ्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. पहिली: कर्त्याने प्रथम एकट्याने जावे, सहा महिने खोलीत सोबत्यांबरोबर राहावे, रोजचा खर्च लिहावा आणि मगच कुटुंब न्यावे. दुसरी: सहा महिन्यांचा खर्च गाठीस असल्यावाचून बिऱ्हाड हलवू नये, हा पैसा अनामत रकमेत घालू नये. तिसरी: भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणी नसल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. चौथी: शिधापत्रिका दुसऱ्या शहरातही चालते, ही सोय २०२२ पर्यंत देशभर लागू झाली आहे. तिचा संकोच बाळगू नये.

शेवटी संस्थेस एक विनंती करून आम्ही आपले भाषण आटोपते घेतो. आपल्यापैकी जी कुटुंबे नागपूर, पुणे, मुंबई येथे स्थायिक झाली आहेत, ती मंडईस, लग्नास येतात तेव्हा नवे कपडे आणि मिठाई घेऊन येतात; आपला खरा जमाखर्च मात्र घेऊन येत नाहीत. गावास आपली अडचण कळू नये, असे त्यांस वाटते, आणि हे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु त्या मौनामुळे मागून येणारा तरुण केवळ नवे कपडे पाहून निघतो. म्हणून प्रत्येक शहरातील दहापाच कुटुंबांनी, नाव न देता, आपले भाडे, किराणा, प्रवास, शाळा आणि शिल्लक यांचे आकडे संस्थेकडे पाठवावेत, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांचा तक्ता छापावा. जाहिरातींच्या दोन पानांइतकीच जागा त्यास लागेल; पण ती दोन पाने कित्येक घरे ओसरीवर उघडून वाचतील.

मागावर बसण्यापूर्वी आपले वाडवडील ताणा मोजून घेत. सूत किती आणि कापड किती निघेल हे त्यांस आधी ठाऊक असे. संसार दुसरीकडे मांडतानाही तेवढी मोजणी आपण करावी.